तालवाद्यं आणि बेस यांचा डीजे सेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेट संपल्यावर आणि नंतर मेसेजमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नुसतं ऐकणाऱ्यांचे, मधले वाजवणाऱ्यांचे आणि शेवटचे कुठेतरी अडलेल्यांचे आहेत. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही वाजवता ते नक्की काय? ईडीएमच ना?

मोठ्या महोत्सवांत ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) म्हणून जे वाजतं त्याच्याशी याची जेमतेम तोंडओळख आहे. या सेटमध्ये वर तालवाद्यं असतात आणि खाली बेस, म्हणजे सगळ्यात खालचा, जाड आवाज. वरचे ताल बऱ्याच गावांहून येतात: अंगोलाच्या लुआंडा शहरातला कुडुरो, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या वस्त्यांमधला गकोम, रिओ द जानेरोचा बायले फंक, टांझानियातल्या दार-ए-सलामची सिंगेली, शिकागोचं फुटवर्क. खालचा बेस प्रामुख्याने लंडनचा: नव्वदच्या दशकातलं जंगल, त्यातून निघालेलं ड्रम अँड बेस आणि २००० नंतर क्रॉयडन भागात तयार झालेलं डबस्टेप. त्याच्याही मागे जमैका आहे. किंग्स्टनमध्ये १९५०च्या दशकात लोक रस्त्यावर स्पीकर रचून नाच लावत. तिथून इंग्लंडला गेलेल्या कुटुंबांबरोबर तो कान लंडनला पोचला.

आणि मधला भाग, म्हणजे गायकाची लांब धून किंवा सिंथचा मोठा पडदा, मुद्दाम बराचसा रिकामा ठेवलेला असतो. माझ्या मते सेटचा जोर तिथून येतो. मधली पट्टी भरली की ढोलाचा घाव आणि बेसचा धक्का दोन्ही बोथट होतात, मग डीजे आवाज वाढवतो, आणि तरीही कुणी नाचत नाही.

२. मिरवणुकीत डीजे लावतात, तोच का हा?

सामान तेच असू शकतं. चार टॉप, चार बेस भाड्याने आणले तर त्यावर दोन्ही वाजतं. फरक वाजवण्यात आहे. मिरवणुकीत एक गाणं, त्याखाली सलग ठोका आणि वर आवाज कमाल, कारण शेजारच्या मंडळाची भिंत झाकायची असते. आमच्या सेटमध्ये एका तालातून दुसऱ्या तालात जाणं हाच खेळ असतो आणि आवाज मध्यावर असला तरी तो खेळ कळतो.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. बेस छातीत वाजतो म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या पोरांना शिकवावं लागत नाही. मुंबईच्या बेंजो पार्ट्या आणि नाशिक ढोल ऐकत मोठा झालेला श्रोता गकोमचा तुटक ठोका पहिल्या मिनिटात पकडतो.

३. सुरुवात कुठून करू? काय ऐकू?

आपल्या कानाला जवळचं दार म्हणजे लंडनचं एशियन अंडरग्राउंड. तबलावादक तलविन सिंग यांनी १९९५ पासून हॉक्स्टनमधल्या ब्लू नोट क्लबमध्ये ‘अनोखा’ नावाच्या रात्री भरवल्या. तबला आणि ड्रम अँड बेस एकाच खोलीत, एकाच वेळी. त्यांच्या ‘ओके’ या अल्बमला १९९९चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कमधून कर्श काळे याच वाटेने आले. पुढे बिल लासवेल आणि उस्ताद झाकीर हुसेन यांच्या तबला बीट सायन्समध्येही ते होते.

नंतर थेट मुळाकडे जा. लिस्बनच्या उपनगरांतल्या अंगोलन, केप व्हर्डियन घरांमधली मुलं जे बनवतात ते प्रिन्सिपे या लेबलवर सापडेल. डीजे मारफॉक्सपासून सुरुवात करा. डर्बनसाठी डीजे लॅग. पूर्व आफ्रिकेसाठी कंपालाचं न्येगे न्येगे टेप्स. त्यांचं ‘साउंड्स ऑफ सिस्सो’ हे २०१७चं संकलन म्हणजे सिंगेलीची ओळख करून घ्यायचा सरळ मार्ग. पहिल्यांदा ऐकताना वाटेल की चुकून वेग वाढवलाय. नाही, तो तसाच आहे.

आधी कुणाचा तरी जोडलेला सेट ऐकण्यापेक्षा एकेका शहराचं संगीत आठवडाभर सुटं ऐका. मग सेटमध्ये काय कशाला चिकटवलंय ते दिसायला लागेल.

४. घरी ऐकलं तर एवढं काही वाटलं नाही. माझं काही चुकतंय का?

स्पीकर चुकतोय. मोबाइल आणि लॅपटॉपचे स्पीकर खालचा बेस काढूच शकत नाहीत. या संगीतातला महत्त्वाचा मजकूर साधारण ३० ते ६० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे तुम्ही अर्धं गाणं ऐकलंत. बरे हेडफोन घ्या. छातीतला धक्का हेडफोनने येत नाही, पण निदान तिथे काय चाललंय ते कळतं.

क्लबमध्येही जागा बदलून पाहा. ५० हर्ट्झची एक लाट हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. भिंतींवरून परतलेल्या लाटा काही ठिकाणी एकमेकींना मारतात, काही ठिकाणी वाढवतात. बार काउंटरपाशी बेस गायब आणि कोपऱ्यात कानठळ्या, असं त्यामुळेच होतं. चार पावलं सरका.

५. कोणती शैली किती बीपीएमची? आकडे एकदाचे लिहून द्या.

बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके. ढोबळ आकडे घ्या. प्रत्येक निर्माता थोडा इकडेतिकडे असतोच. डेम्बो (रेगेटॉनचा मूळ ठेका) आणि रेगेटॉन ९० ते १००च्या आसपास. मूम्बाटॉन १०८; हा प्रकार २००९ मध्ये वॉशिंग्टन डीसीजवळच्या एका घरगुती पार्टीत डेव्ह नाडा या डीजेने डच हाउसच्या तबकड्या मंद करून वाजवल्या त्यातून निघाला. दक्षिण आफ्रिकेचं अमापियानो ११० ते ११५. गकोम १२५च्या आगेमागे. बायले फंक १३०, पण रिओत गेल्या दशकाच्या अखेरीपासून १५०चा फंकही जोरात आहे. कुडुरो १३५ ते १४०. डबस्टेप १४०. फुटवर्क १६०. जंगल १६० ते १७०, ड्रम अँड बेस १७४. सिंगेली २००च्या पुढे.

नुसत्या आकड्यावरून वेग कळत नाही. १४०चं डबस्टेप अंगाला ७०चं वाटतं, कारण स्नेअर (ड्रमचा कडक घाव) चार ठोक्यांच्या मापातून एकदाच, तिसऱ्या ठोक्यावर पडतो. १३०चा बायले फंक त्यापेक्षा कितीतरी धावता वाटतो.

६. हे ३+३+२ काय आहे? प्रत्येक व्हिडिओत ऐकतो.

दोन ठोक्यांचे मिळून आठ सारखे भाग करा. टाळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या भागावर द्या. झालं: तीन, तीन, दोन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ही चाल अटलांटिकच्या पलीकडे गेली आणि क्युबा, ब्राझील, जमैका, न्यू ऑर्लीन्स, सगळीकडे वेगळ्या कपड्यांत दिसते.

डेम्बोमध्ये किक (ड्रमचा जाड ठोका) पहिल्या आणि पाचव्या भागावर येते, म्हणजे सरळ. स्नेअर चौथ्या आणि सातव्यावर, म्हणजे आडवा. सरळ आणि आडवा एकाच वेळी चालू असल्यामुळे कंबर आपोआप हलते. ज्याने हार्मोनियमच्या शेजारी बसून केरव्याच्या आठ मात्रा मोजल्या आहेत, त्याला हे मोजायला दोन मिनिटं लागतील. हे पक्कं करून मगच प्रश्न ७ कडे या.

७. १०५चं गाणं आणि १४०चं गाणं एकाला एक कसं जोडायचं? मध्ये थांबावं लागतं का?

थांबायचं नाही. लयकारी वापरायची.

सोपा प्रकार दुगुनीचा. ८५ आणि १७०, ७० आणि १४०. मंद गाण्याच्या एका ठोक्यात जलद गाण्याचे दोन बसतात. जमैकाच्या डान्सहॉलमधून जंगलमध्ये जाणारे सगळे हेच करतात.

खरी मजा पाऊणपटीत आहे. १४०च्या तीन चतुर्थांश म्हणजे १०५. मंद गाण्याच्या एका ठोक्याचे चार भाग केले, तर त्यातले तीन भाग म्हणजे नव्या गाण्याचा पूर्ण एक ठोका. आता प्रश्न ६ आठवा. डेम्बोतला आडवा स्नेअर आधीपासून तीन-तीन भागांच्या अंतराने पडतोय. नाचणाऱ्याच्या अंगात तो ‘तीन’ मुरलेला असतो. मी १०५च्या गाण्याची किक काढून घेतो, फक्त आडवे घाव आठ-सोळा मापं चालू ठेवतो, आणि त्या घावांनाच ठोका मानून १४०चं डबस्टेप आत सोडतो. लोकांना वेग बदलल्याचं कळत नाही, जमीन सरकल्याचं कळतं.

तिसरी वाट आडीची, म्हणजे दोन ठोक्यांत तीन. १३६चा कुडुरो आणि २०४ची सिंगेली अशी बसते. तबला शिकलेल्यांना हे सगळं हातावर मोजता येतं आणि त्यांनी डीजेकडे वळावं असं मला फार वाटतं. आमच्या धंद्यातले बहुतेक जण या वाटा वर्षानुवर्षं चाचपडून शोधतात.

हे काहीच जमत नसेल तर साधा उपाय: एकट्या ढोलाचा किंवा काँगाचा (हाताने वाजवायच्या क्युबन ढोलाचा) तुकडा लूपवर लावा आणि वेगाची पट्टी हळूहळू सरकवा. सूर नसला की वेग बदललेला कानाला खटकत नाही.

८. सिंक बटण (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं) दाबणं म्हणजे फसवणूक का?

नाही. पण प्रश्न ७ मधल्या पाऊणपटीत आणि आडीत ते बंद ठेवा. सॉफ्टवेअरला १०५ आणि १४० यांचं नातं कळत नाही. ते एकाला ओढून दुसऱ्याजवळ नेतं आणि सगळं कोसळतं. शिवाय सॉफ्टवेअर फुटवर्कला ८० आणि जंगलला ८५ असं वाचतं. गाणी लायब्ररीत टाकतानाच ते आकडे हाताने दुरुस्त करून ठेवा.

९. दोन गाणी एकत्र आली की सगळा गाळ होतो. का?

दोन्ही बेस एकदम चालू ठेवताय. सारख्या पातळीचे दोन आवाज अगदी जुळले तर ६ डेसिबलने वाढतात आणि मिक्सर लाल होतो. उलटे पडले तर एकमेकांना खातात आणि बेस नाहीसा. दोन्ही वाईट.

नियम असा की बेसची गादी एका वेळी एकालाच. नवं गाणं आणताना त्याचं लो नॉब (बेस कमी-जास्त करणारं) पूर्ण खाली. आठ किंवा सोळा मापांनी समेवर, एकाच झटक्यात, जुन्याचा लो खाली आणि नव्याचा वर. हळूहळू अदलाबदल करू नका; त्या मधल्या काही सेकंदांतच गाळ होतो. मधल्या पट्टीचंही तसंच. दोन काँगा, एक शेकर आणि वर एक तिंबाले असे तीन डेकवरून आले तर कुणीतरी एकाने मागे बसायचं.

अपवाद अमापियानो. त्यातला लॉग ड्रम एकाच वेळी बेसही असतो आणि तालवाद्यही. त्याचा लो काढला तर गाण्याचा कणाच जातो. त्यामुळे अमापियानोखाली दुसऱ्या गाण्याचा बेस घालायचा विचार सोडा. वर नुसती तालवाद्यं घाला.

१०. वेग बदलला की ढोलाचा आवाज रबरासारखा होतो. उपाय?

मास्टर टेम्पो बंद करा. सूर जागेवर ठेवण्यासाठी यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करून परत जोडतं आणि ढोलाच्या घावाची धार त्यात जाते. बंद ठेवलं तर वेगाबरोबर सूर चढतो. सुमारे ६ टक्क्यांना अर्धा स्वर. नुसत्या तालवाद्यांच्या गाण्यात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. गायक असेल तर मात्र चालू ठेवा, नाहीतर माणूस उंदरासारखा गाईल.

११. एका तासाच्या सेटचा नमुना द्याल का?

एक रचना देतो. यातली गाणी बदला, पण आकडे ठेवा.

सुरुवात १०५वर. पहिली दहा-बारा मिनिटं कुंबिया (कोलंबियाचं नाचाचं संगीत) आणि डेम्बो. कुंबियाचा घासणारा गुइरा वर आणि डेम्बोचा आडवा स्नेअर खाली. इथे बेस पूर्ण सोडायचा नाही. खोलीला अजून घाम फुटलेला नसतो. मग पाऊणपटीची उडी १४०वर आणि डबस्टेप. आकडा चढला, पण अंगाला ७० वाटतं, त्यामुळे लोक थांबत नाहीत, जड होतात. सेटमधला पहिला खरा बेस इथे.

तिथून १३६वर उतरा आणि कुडुरो, लिस्बनच्या त्या मुलांची (प्रश्न ३) बातिदा. आता सगळा भार वरच्या तालवाद्यांवर, बेस आखूड. हा सेटचा सगळ्यात लांब टप्पा, वीसेक मिनिटांचा. मध्ये एकदा गकोम घालायचा असेल तर १२५चं गाणं १३६वर ओढू नका, दमछाक होते. १३०च्या वर बनवलेलं शोधा. बायले फंकची एक-दोन गाणी मात्र इथे छान बसतात.

मग आड. १३६ची २०४, सिंगेली. पाच मिनिटं, दोन गाणी, बस. याहून जास्त वेळ कुणी तग धरत नाही आणि धरायची गरजही नाही. आता गंमत पाहा: २०४ची निम्मी लय १०२. सिंगेलीचे बारीक ठोके काढून घेतले की खाली १०२चा डेम्बो उभाच असतो. त्यावर उरलेला सेट. पुन्हा मंद, पण आता खोली ऊन आहे आणि तेच डेम्बो सुरुवातीच्या दुप्पट जोराने लागतं.

जंगल यात नाही. मला ते फार आवडतं, पण १६५ला या रचनेत सरळ दार नाही, आणि ओढून आणलं तर सिंगेलीचा धक्का वाया जातो. त्याला वेगळी रात्र द्या.

१२. त्रिनिदादचा टासा म्हणजे आपलाच ताशा ना?

भाऊबंद आहेत, पण पुण्याहून तिकडे गेलेला नाही. १८४५ ते १९१७ या काळात गिरमिटिया मजूर त्रिनिदादला नेले गेले, ते मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहार पट्ट्यातले. त्यांच्याबरोबर मोहरमचा ताशा गेला आणि तिथल्या होसे या उत्सवात, लग्नांत रुजला. आजही दोन टासा, एक मोठा बेस ढोल आणि पितळी झांज असा संच असतो, आणि चामडं ताणण्यासाठी वादक वाद्य शेकोटीजवळ धरतात. आपल्याकडच्या पथकांत आता फायबरचं पान आलंय, तिकडेही कृत्रिम पान वापरणारे आहेत.

सेटसाठी महत्त्वाचं इतकंच की त्रिनिदादमध्ये टासा आणि सोका (तिथलं नाचाचं लोकप्रिय संगीत) एकमेकांचे शेजारी आहेत, त्यामुळे टासावर बेस घालून बनवलेली गाणी तयार मिळतात. जलद सोका १६०च्या आसपास असतो. फुटवर्कशी थेट जुळतो.

१३. घुमट बेस म्युझिकमध्ये चालेल का? आम्ही फोंड्याचे आहोत.

चालेल म्हणजे काय, त्याच्यात बेस आहेच. मातीच्या घटाचं एक तोंड चामड्याने मढवलेलं, दुसरं लहान तोंड उघडं. वादक त्या लहान तोंडावर हात ठेवतो, काढतो आणि नाद खालीवर वाकवतो. १९८०मध्ये आलेल्या रोलँड टीआर-८०८ यंत्राची लांबणारी किक निर्माते आज सॉफ्टवेअरमध्ये जशी वाकवतात, तसंच हे, हाताने. गोव्याने २०१९मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी त्याला घोरपडीचं चामडं लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. आवाजात फरक पडतो असं जुने वादक सांगतात. सेटसाठी बकऱ्याचं घुमट उत्तम आहे.

ध्वनिमुद्रण करताना माइक दोन ठेवा, एक चामड्यापाशी आणि एक त्या उघड्या तोंडापाशी. बेस दुसऱ्यात आहे. शामेळ (काठ्यांनी वाजवायचं सोबतचं तालवाद्य) आणि कासाळं (झांजा) वेगळ्या ट्रॅकवर घ्या, नाहीतर कासाळ्याची किणकिण सगळीकडे शिरेल.

१४. विसर्जनाच्या वेळी मोबाइलवर ढोल-ताशा रेकॉर्ड केलाय. तो सेटमध्ये वापरू का?

वापरा, पण बेस म्हणून नाही. गर्दीत फोन आवाज दाबून टाकतो, ढोलाची खालची बाजू फाटते. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, ताशा आणि टोल ठेवा, खाली स्वतःचा स्वच्छ बेस घाला. दुसरं म्हणजे पथकाची लय चढत जाते. चढायलाच हवी. तिला सॉफ्टवेअरच्या ग्रिडमध्ये ठोकून सरळ केलं तर जीव जातो. चार किंवा आठ मापांचे तुकडे कापून लूप करा, किंवा चढत्या लयीबरोबर तुमचंच गाणं हाताने चढवा.

१५. दुसऱ्यांचे ताल असे उचलणं योग्य आहे का? गोंधळाचा संबळ क्लबमध्ये वाजवला तर लोक चिडतील?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात दोन प्रश्न मिसळलेले असतात.

एक पैशाचा. १९६९मध्ये द विन्स्टन्स या अमेरिकी बँडने ‘आमेन, ब्रदर’ नावाचं गाणं काढलं. त्यात ग्रेगरी कोलमन यांनी काही सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा वाजवला. अख्खं जंगल आणि ड्रम अँड बेस त्या तुकड्यावर उभं आहे. कोलमन २००६मध्ये बेघर अवस्थेत वारले. त्यांना त्याचे पैसे मिळाले नाहीत. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली आणि २४ हजार पौंड जमले. कायद्याने नव्हे, लाजेने. तेव्हा तयार गाणी विकत घेऊन वाजवा, ट्रॅकलिस्टमध्ये शहर नव्हे तर कलाकाराचं नाव लिहा. ‘आफ्रिकन बीट’ असं लिहिणाऱ्याने निदान डर्बन आणि लुआंडा यांमधलं अंतर नकाशावर पाहावं. आणि एखाद्या वादकाला स्वतः रेकॉर्ड करत असाल तर मानधन त्याच दिवशी, आणि तुकडा कुठे वापरणार ते तोंडावर सांगून.

दुसरा प्रश्न श्रद्धेचा. माझी रेघ अशी: ताल घेतो, आवाहन घेत नाही. संबळाचा ठेका नाचासाठी वाजवायला गोंधळी वादकांनी मला कधी नाही म्हटलेलं नाही; देवीला बोलावणारे शब्द दारूच्या बारशेजारी वाजवायला मीच नाही म्हणतो. इतरांची रेघ वेगळी असू शकते. तालाच्या तांत्रिक अडचणीसाठी प्रश्न १७ पाहा.

१६. ढोलकीवाले दादा सोबत घ्यायचेत. काय काळजी घ्यावी?

आधी सूर. ढोलकी आणि तबला स्वरात लावलेले असतात, त्यामुळे निवडलेल्या गाण्यांचे स्वर त्यांना आदल्या दिवशी सांगा. दर दहा मिनिटांनी स्वर बदलणारा सेट असेल तर ढोलकी उतरवा-चढवा करत बसतील. म्हणून त्यांच्या भागात दोनच स्वर ठेवा, किंवा स्वर नसलेली नुसती ठोक्याची गाणी.

मग ऐकू येणं. वादकाला तुमची किक समोरून, स्वतःच्या मॉनिटरमधून हवी. खोलीतून परतलेली किक उशिरा पोचते आणि तो प्रामाणिकपणे त्या उशिरा आलेल्या किकवर वाजवतो. मॉनिटरमध्ये सब (सगळ्यात खालचा बेस) घालू नका, कारण खालच्या लाटेने ढोलकीचं पानच थरथरायला लागतं, ते माइकमध्ये जातं आणि हूं असा आवाज फिरत राहतो. ढोलकीच्या माइकवर ८० हर्ट्झखाली कात्री लावा. घुमारा त्याच्या वरच असतो.

आणि जागा सोडा. लग्गीला जायच्या वेळी वरचे सगळे शेकर, काँगा बंद. फक्त किक आणि बेस. त्यांनी तिहाई घेतली की समेवर तुमचा नवा बेस यायला हवा, म्हणून खूण आधी ठरवा. मान हलवणं पुरतं.

ढोल-ताशा पथक बंद हॉलमध्ये बोलावताय? नको. मोकळं मैदान असेल तरच.

१७. संबळाची चाल सहाची आहे आणि माझं गाणं चारचं. सॉफ्टवेअर मान्यच करत नाही.

गोंधळाच्या बऱ्याच चाली सहा-सहाच्या झुलत्या लयीत असतात. रियुनियन बेटावरचा मालोयाही तसाच. पण सहातले तीन-तीन एकत्र धरले तर दोन मोठे ठोके होतात, आणि अशा दोन आवर्तनांचे चार. सॉफ्टवेअरला तो मोठा ठोका द्या, आतले तीन भाग विसरा. मोठा ठोका १४०ला बसवला की डबस्टेप खाली आरामात चालतं, कारण त्यात मध्ये भरपूर मोकळी जागा असते आणि बरेच निर्माते स्वतःच तीन-तीनचे भाग वापरतात. डेम्बो किंवा बायले फंक घालू नका; त्यांचे चार-चारचे बारीक भाग संबळाच्या तीन-तीनशी भांडतात.

सात मात्रांचा रूपक असेल तर प्रकरण वेगळं. त्याला चारच्या मापावर सरळ सोडा आणि मोजत राहा: २८ ठोक्यांनी, म्हणजे सात मापांनी, दोघांची सम एकत्र येते. तिथेच बेस टाका. त्याआधी टाकला तर चूक वाटेल, तिथे टाकला तर टाळ्या.

१८. आवाज किती ठेवावा? दहा वाजता बंद म्हणजे बंदच का?

नाचणाऱ्यांच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये दिलेली मर्यादा सरासरी १०० डेसिबल आहे, पंधरा मिनिटांच्या मोजमापावर. त्यावरही इअरप्लग वापरा. आम्ही दारात ठेवतो.

कायद्याचं: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहाला दहाचं बंधन तसं लागू नाही, पण निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि भिंतीतून बेसच सगळ्यात आधी बाहेर पडतो. शेजाऱ्याला गाणं ऐकू येत नाही, त्याची खिडकी वाजते. तक्रारही खिडकीचीच येते. दहानंतर ४० हर्ट्झखालचं कापून टाका; आत फारसा फरक पडत नाही.

१९. लग्नात वाजवलं तर परवाना लागतो का?

लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलेली रात्र, क्लब, कंपनीची पार्टी यात बसत नाही. तिथे आयोजकाने ध्वनिमुद्रण आणि रचना अशा दोन्ही हक्कांचे परवाने घ्यावेत. सूट आहे म्हणून हॉलवाला वाद घालणार नाही असं नाही. आधी लेखी विचारून ठेवा.

२०. पेनड्राइव्ह क्लबच्या प्लेअरने वाचलाच नाही. आता?

तो एनटीएफएस असणार. फॅट३२ करा, गाणी रेकॉर्डबॉक्समधून निर्यात करा, आणि दोन पेनड्राइव्ह ठेवा.

२१. सेट चालू असताना वीज गेली तर?

वादक सोबत असतील तर त्यांना थांबू देऊ नका, हाताने खूण करा. दरम्यान अॅम्प्लिफायर बंद करा आणि मिक्सरचे सगळे फेडर खाली. वीज आल्यावर आधी प्लेअर आणि मिक्सर, अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर जो ठप्प आवाज होतो तो सबचा (बेसच्या मोठ्या स्पीकरचा) कोन फाडू शकतो. गाणं जिथे तुटलं तिथून परत लावू नका. ढोलकीची त्या वेळची लय बोटाने टॅप करून मोजा, त्या वेगाचं नुसतं किक असलेलं गाणं हळू आत आणा आणि समेची वाट पाहून बेस सोडा. जनरेटरवर चालत असाल तर पहिली पाच मिनिटं सब निम्म्यावर ठेवा.